मर्लीनचा चॅनल

नवव्या रात्रीची गाणी दिवेलागणीनंतर सुरू होतात, पण साउंड दुपारीच लावून घ्यावा लागतो. मोरँट बे या बंदरगावातल्या आमच्या अंगणात मी तीन वाजल्यापासून मिक्सरसमोर बसलो होतो. चुलीवर बोकडाचं सूप रटरटत होतं. खोलीत माझी मेहुणी पॅन्सी टेबल ओढत होती, कपाट फिरवत होती. गेलेल्या माणसाला घर ओळखू येऊ नये, त्याने रेंगाळू नये, म्हणून आमच्याकडे नवव्या दिवशी सामानाच्या जागा बदलतात.

गेलेलं माणूस म्हणजे माझी बायको, मर्लीन.

चाळीस वर्षं ती माझ्या साउंडवर गायली. तिच्या आवाजाला धरबंध नव्हता, मनात आलं की चढायचा. आवाज मिक्सरमध्ये शिरतो तिथे गेनचं बटण असतं. ते फार उघडं राहिलं तर लाल दिवा लागतो आणि आवाज फाटतो. तिथे फाटलेला आवाज पुढे कितीही कमी करा, फाटकाच राहतो. म्हणून ती चढली की माझा एक हात बटण मागे फिरवायचा आणि दुसरा तिला खूण करायचा, हळू.

"तुझा सगळा जीव त्या दिव्यात," ती म्हणायची. "कधीतरी माझ्याकडे बघ की, मेल्या."

हॉस्पिटलात शेवटच्या दिवशी तिने माझं मनगट धरलं. "युस्टस, तू माझ्या..." एवढ्यातच तिला धाप लागली. मी म्हणालो, "हळू, हळू. मग बोल." ती गप्प झाली ती कायमचीच. तेव्हापासून मला घास गिळवत नाही. तिला काय सांगायचं होतं, एवढं एक कळलं असतं तरी मी तिला सुखाने निरोप दिला असता.

पॅन्सी घाम पुसत दारात आली. "दाजी, ताईचा माइक कशाला लावलात?"

"पाद्रीबाबा बोलतील."

"त्यांना माइक? ते नुसते खाकरले तरी बंदरावर ऐकू जातं." मग तिचा आवाज खाली आला. "दाजी, जाऊ द्या तिला आता. पलंग तेवढा फिरवायचा राहिलाय."

ती आत गेली.

आंब्याखाली स्टँडवर तो माइक होता, आसपास कुणी नव्हतं. वारा पडला होता. मी हेडफोन चढवला आणि एकेक चॅनल तपासू लागलो. तिसऱ्यावर, मर्लीनच्या चॅनलवर, आवाज आत येत असल्याचा हिरवा दिवा लुकलुकला.

केबल सैल असणार. मी ती दाबून बसवली. दिवा लुकलुकतच राहिला. मग मी केबल उपसून हातात घेतली.

दिवा तरीही लुकलुकत होता.

हेडफोनमध्ये श्वास ऐकू आला. धाप नव्हती त्यात. गाण्याआधी ती घ्यायची तसा, पोटातून घेतलेला.

"युस्टस."

माझे डोळे भरून आले. मला भीती वाटली नाही, हे खरं सांगतो.

"युस्टस, तू माझ्या..."

आवाज चढला. पिवळा दिवा. मग लाल.

आणि माझ्या हाताने बटण मागे फिरवलं.

चाळीस वर्षांची सवय. मी विचारही केला नव्हता. डावा हातसुद्धा वर गेला होता, तळवा खाली करून.

हेडफोनमध्ये काहीच उरलं नाही. मी बटण पुन्हा उघडलं, पार शेवटपर्यंत. नुसती घरघर.

पण हिरवा दिवा लागत होता. लागे, थांबे, दोनदा झटपट लागे, पुन्हा थांबे. तिचं बोलणं असंच असायचं. समोर बसून ती मला सगळं सांगत होती आणि मला त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं.

"मर्लीन, मोठ्याने," मी म्हणालो. "मोठ्याने बोल गं. फाटू दे."

आत पलंगाचे पाय फरशीवर घासले.

दिवा एकदा लागला आणि विझून राहिला. ती काही विचारायची, तेव्हा उत्तर मिळेपर्यंत अशीच थांबायची.

तिने काय विचारलं होतं, मला ठाऊक नाही. मी म्हणालो, "हो."