सुनेच्या हातातलं बटण

मुलुंडच्या हॉस्पिटलात शेवंतीबाईंचा उजवा गुडघा बदलला, तेव्हा सोबतीला कोण राहणार हे घरात कुणी विचारलंच नाही. सून होती ना! दिशाने ऑफिसात रजा टाकली आणि खाटेशेजारच्या बाकड्यावर येऊन बसली.

सासूबाईंच्या पाठीत बारीक नळी घातली होती. तिच्यातून दुखणं मारायचं औषध थोडं थोडं जात होतं. कळ असह्य झालीच, तर बटण दाबून जास्तीचं घ्यायचं. "बटण पेशंटनेच दाबायचं. नातेवाइकांनी हात लावायचा नाही," भूल देणाऱ्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

पण दुपारी सासूबाई कण्हायला लागल्या. "अंगठ्यात जोर नाय गं माझ्या. तू दाब."

समोरच्या खाटेवरची बाई टक लावून बघत होती. दिशाने दाबलं.

सासूबाईंचा चेहरा निवळला. आणि दिशाच्या उजव्या गुडघ्यात करवत फिरल्यासारखी कळ उठली.

बाकड्यावर पाय अवघडला असेल, तिने मनाची समजूत घातली. दुसऱ्यांदा दाबलं, तेव्हा ती ओठ चावून मटकन खाली बसली. नर्सने गुडघा चाचपून पाहिला. सूज नाही, काही नाही.

तिसऱ्यांदा तिने हात आखडता घेतला, तर सासूबाईंनी असा टाहो फोडला की अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला.

"दाब की गं पोरी! म्हातारीचे हाल काय बघत बसलीस?" समोरची बाई ओरडली.

दिशाने दाबलं. त्यानंतर तिला उभंच राहता येईना.

संध्याकाळी नितेश मरोळहून, कामावरून थेट आला. नवऱ्याला पाहून तिला रडूच फुटलं. तिने त्याला सगळं सांगितलं.

"वेडी झालीस काय गं? दे इकडे, मी दाबून दाखवतो."

त्याने खाटेवरच्या बटणाकडे हात पुढे केला. सासूबाईंचे डोळे मिटलेले होते. तरी त्यांनी त्याचं मनगट पकडलं, इतकं घट्ट की तो कळवळला.

"तू नको. तुला कामावर जायचंय."

नितेश हसला. "बघ, एवढ्या दुखण्यातसुद्धा माझीच काळजी!"

दिशाने चमकून सासूबाईंकडे पाहिलं. म्हणजे यांना ठाऊक होतं.

सासूबाईंनी बटण तिच्या तळव्यावर ठेवलं आणि तिची बोटं एकेक करून मायेने मिटली.

"नितेश, डॉक्टरांना सांग," त्या म्हणाल्या. "डावा पण करून घेते. आता भीती नाय वाटत."