फूखा घाटातलं तुटलेलं वळण

नानमधल्या घरून पुआ गाव, तिथून दोई फूखा डोंगराचा घाट चढून पलीकडे बो क्लुआ, आणि मग सरहद्दीच्या डोंगरधारेवरून उत्तरेला जाऊन मोठा फेरा घेत परत घरी, असा चार दिवसांचा बेत होता. तोही मोटारसायकलींवर. कागदावर बेत मांडला फिकुनने. पण त्यामागचा हट्ट तिच्या वडिलांचा होता.

इन्ताने उभं आयुष्य त्या घाटात प्रवासी गाडी हाकली होती. मागे दोन बाकं, टपावर कोबीची पोती, आणि गाडीत बो क्लुआच्या खाऱ्या विहिरींतल्या मिठाची ओझी घेतलेल्या बायका. सरहद्दीच्या धारेवरचा रस्ता मात्र त्याने कधी पाहिला नव्हता. त्याची गाडी बो क्लुआला पोचायची आणि तिथूनच वळायची. "एकदा तिकडून जाऊ गं," असं तो फिकुनला ती शाळेत असल्यापासून म्हणायचा. पुढे ती लांपांगला चिनी मातीच्या कारखान्यात नोकरीला लागली, वर्षातून दोनदा घरी येऊ लागली, आणि बोलणं राहून गेलं. या वर्षी जानेवारीत त्याने स्वतःहून फोन केला. "पुढच्या महिन्यात रजा काढ. यंदाच जायचं."

खांबांवर उभ्या घराखाली, सावलीत, बाजेवर नकाशा पसरून बसले होते तिघं. तिसरा बुनतेम, इन्ताचा भाचा. मोटारसायकली दुरुस्त करायचा, पोट सुटलेला आणि तोंड त्याहून सुटलेलं.

"घाटात मुक्काम नको, थंडी फार," फिकुन म्हणाली. "पहिली रात्र पुआला, दुसरी बो क्लुआला. आणि बाबा, तुम्ही माझ्या मागे बसा. दोन गाड्या पुरे."

"मागे? मी काय मिठाचं पोतं आहे?" इन्ता म्हणाला. "तो घाट मी डोळे मिटून चालवीन."

"मामा, पोतं गप्प तरी बसतं," बुनतेम म्हणाला.

सगळे हसले. फक्त फिकुनची आई हसली नाही. सुदा चुलीपाशी मिरच्या भाजत होती. पाठ न वळवता ती म्हणाली, "नका जाऊ."

"का?"

सुदाने नवऱ्याकडे पाहिलं. इन्ता नकाशावर वाकलेला होता. "काही नाही," ती म्हणाली. "थंडी असते वर."

आई म्हातारी व्हायला लागली, घाबरट झाली, असं फिकुनला वाटलं. निघायच्या सकाळी सुदाने तिघांच्या मनगटांना रक्षणाचा पांढरा दोरा बांधला. लेकीचा हात मात्र तिने चटकन सोडला नाही. "बापाला मागे ठेव आणि फार पुढे जाऊ नकोस," ती पुटपुटली.

इन्ताचंही तेच म्हणणं. बुनतेम पुढे, फिकुन मध्ये, तो शेवटी. "तुझा मागचा लाल दिवा दिसत राहिला की माझा जीव शांत," तो म्हणाला. सकाळपासूनच काळा चष्मा, डोक्यावर जुनं हेल्मेट, ताठ पाठ. आरशात त्याच्याकडे बघून फिकुनला अभिमानच वाटला.

पुआपर्यंतचा रस्ता म्हणजे भातखाचरं, लसणाचे वाफे आणि मधूनच एखादं देऊळ. संध्याकाळ व्हायच्या आतच इन्ताने थांबायचा आग्रह धरला. शेवयांच्या टपरीवर त्याच्या कोपराने पाण्याचा पेला उडाला. थोड्या वेळाने दुसराही.

"मामा, आता तिसरा माझ्या डोक्यावर ओता, म्हणजे आंघोळ उरकेल," बुनतेम म्हणाला.

इन्ता हसला नाही. त्याने तो हात मांडीवर घेतला आणि वाडग्यावर वाकून जेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच घाट लागला. खालच्या दऱ्या ढगांनी काठोकाठ भरल्या होत्या. त्यातून डोंगरांचे माथे तेवढे वर आले होते. गारठ्याने बोटं वळेनात. पण इन्ता प्रत्येक वळण असं घेत होता, की जणू रस्ता त्याच्या चाकाखालूनच उलगडतोय! खिंडीजवळ फूखाच्या डोंगरातलं एक दुर्मीळ झाड बहरलं होतं. फिकुनने गाडी थांबवली.

"ते बघा बाबा, फांदीच्या टोकाला. केवढे गुलाबी घोस!"

"वा," इन्ता म्हणाला. "सुंदर."

तो झाडाच्या पार डावीकडे बघत होता. तिथे नुसतं आभाळ होतं.

फिकुनने त्याच्या चष्म्याकडे पाहिलं. ती विचारणार, तेवढ्यात पलीकडच्या उतारावर ढग गडगडला. फेब्रुवारीत पाऊस! बुनतेमने वर पाहिलं. "निघा. भिजला हा उतार की साबण होतो."

पावसाने त्यांना अर्ध्या उतारावर गाठलं. बारीक, तिरका, बोचरा पाऊस. कडेच्या लाल मातीचे ओघळ डांबरावर आले. त्यातच ते वळण आलं.

जुना रस्ता इथे दरीच्या कडेने सरळ जाऊन मग वळायचा. गेल्या पावसाळ्यात तो सरळ तुकडाच दरड कोसळून खाली गेला होता. आता उजवीकडे डोंगर खोदून कच्ची वाट काढली होती. तुटलेल्या कडेला दोन पिंपं ठेवली होती, त्यातलंही एक आडवं पडलेलं. बुनतेम पाय टेकत टेकत कच्च्या वाटेने पार झाला. मागोमाग फिकुन उतरली.

चिखल! पुढचं चाक फिरलं. तिने ब्रेक दाबला, आणि तेच चुकलं. गाडी आडवी झाली, घसरत गेली, मागचा भाग खडकावर आदळला. मागच्या दिव्याच्या लाल काचेचा चुरा झाला आणि दिवा विझला. फिकुन कोपरावर पडली, उठली, आणि तिला बाबांच्या गाडीचा आवाज ऐकू आला.

"थांबा! बाबा, थांबा!"

ती हात हलवत कच्च्या वाटेवरून धावली, पण तिची हाक वाऱ्यात विरली. इन्ता पावसातून समोर आला. तो हळू होईल, असं तिला वाटलं. पण नाही! इंजिनाचा आवाज वाढला. त्याने वेग घेतला. कच्च्या वाटेकडे मानसुद्धा न वळवता तो सरळ, जिथे पूर्वी रस्ता होता तिथे, दोन पिंपांच्या मधून गेला.

आणि दिसेनासा झाला.

आधी बांबू मोडल्याचा कडकडाट. मग गाडी खाली, आणखी खाली, आपटत गेल्याचा आवाज. मग नुसता पाऊस.

फिकुन कडेला पोटावर पडून खाली बघू लागली. दोन माणसं खोल अंतरावर बांबूचं एक बेट उतारातून वाकून बाहेर आलं होतं. त्यात इन्ता अडकला होता. एक पाय लोंबत होता. त्याच्या खाली काही नव्हतं.

"बाबा, हलू नका!"

"फिकुन?" त्याचा आवाज चमत्कारिक होता. "तू वर आहेस? वर आहेस ना तू?"

बुनतेम धापा टाकत आला. सामान बांधायचा दोर त्याने सोडला, त्याला दोघांचे चौकड्यांचे पंचे पीळ देऊन जोडले, एक टोक आपल्या पोटाला बांधलं, दुसरं फिकुनला दिलं आणि खडकाला पाय लावून बसला. "मी काय हलत नाही," तो म्हणाला. "एवढं खाल्लंय ते कधी कामाला येणार? उतर."

फिकुन उतरू लागली. हाताला लागेल ती माती सुटत होती. एक धोंडा तिच्या पायाखालून निसटला आणि इन्ताच्या खांद्याला घासून गेला. बांबू करकरला. आणखी थोडं. आणखी थोडं! ती त्याच्या बाजूला पोचली, एका हाताने मुळी धरली, दुसरा हात पुढे केला.

"धरा हात."

इन्ताने हात पुढे केला. पण भलतीकडे. त्याची बोटं हवेत चाचपडली.

"इकडे, बाबा. हा काय हात!"

"कुठे आहे?"

चष्मा पडला होता. त्याचे डोळे सताड उघडे होते आणि तिचा हात त्याच्या गालापासून वितीवर होता.

त्या क्षणी तिला सगळं कळलं. पेले, झाड, लाल दिवा, आईचं बोलता बोलता थांबणं. पण कळून घ्यायला वेळ नव्हता. तिने त्याचं मनगटच पकडलं. तो ओरडला, ते मनगट मोडलेलं होतं. तिने काखेतून दोर फिरवला, गाठ मारली, आणि वर हाक दिली. बुनतेमने ओढलं. बांबू मुळासकट सुटला आणि खाली गेला, पण तोवर इन्ताची छाती कडेवर आली होती. फिकुन मुळ्या धरत त्याच्यामागून वर आली. तिघंही चिखलात पालथे पडले. बराच वेळ कुणी उठलं नाही.

पुढे रस्त्याच्या कामगारांची रिकामी झोपडी होती. तिथे पाऊस थांबायची वाट बघत बसले. बुनतेमने बांबूच्या कामट्या लावून मामाचं मनगट बांधलं आणि गाड्या बघायच्या निमित्ताने बाहेर गेला.

"कधीपासून?" फिकुनने विचारलं.

"दोन वर्षं. काचबिंदू. समोरचं तेवढं दिसतं, नळीतून बघावं तसं. आता नळीही बारीक होत चाललीय." तो थांबला. "तुझ्या आईला शपथ घातली होती."

"तुम्ही मेला असता. मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर आणलं असतंस?"

"नसतं."

"मग?"

फिकुनचा आवाज चढला. "पण मग थांबायचं होतंत! दिवा दिसेना, रस्ता दिसेना, तर माणूस ब्रेक दाबतो. तुम्ही वेग वाढवलात. मी डोळ्यांनी पाहिलं."

इन्ताने बांधलेलं मनगट मांडीवर घेतलं. कुडाबाहेर पावसाचं पाणी गळत होतं. मग तो अगदी साध्या आवाजात म्हणाला, "दिवा एकदम गेला. मला वाटलं, तू खाली गेलीस. थांबून काय करणार होतो मी?"

ती त्याच्या शेजारी सरकली आणि त्याच्या केसांतला चिखल बोटांनी काढत राहिली.

ऊन असताना ते बो क्लुआला पोचले. इन्ता बुनतेमच्या मागे, दोरीने बांधलेला. दवाखान्यात हाताला प्लास्टर झालं. फिकुनने आईला फोन लावला. घडलं ते सांगितलं. मग सुदा म्हणाली, "आणा त्याला," आणि फोन बंद झाला.

सकाळी गावाबाहेरच्या फाट्यावर गाड्या थांबल्या. डावीकडचा रस्ता सरहद्दीच्या धारेवर चढत होता. पावसाने हवा धुऊन निघाली होती, सगळी डोंगररांग स्वच्छ निळी उभी होती. उजवीकडचा रस्ता खालून घरी जात होता.

"जायचं का तिकडे?" फिकुनने मान मागे वळवून विचारलं. इन्ता आज तिच्या मागे बसला होता. "तुम्हाला जायचं असेल तर नेते. हळू जाऊ. मी सांगत जाईन काय काय दिसतंय ते."

बुनतेमने तिच्याकडे चमकून पाहिलं.

इन्ता डावीकडे तोंड करून बसला होता. काय दिसत होतं त्याला, कोण जाणे. वारा तिकडूनच येत होता. त्याने तो थोडा वेळ तोंडावर घेतला.

"नको," तो म्हणाला. "तुझ्या आईने दोन वर्षं ही गोष्ट एकटीने पोटात ठेवली. रात्री मी उठलो की तीही उठायची. कुठे आपटेन म्हणून. आणि मी तिला सांगितलं, तोंड उघडलंस तर बघ." त्याने चांगला हात फिकुनच्या कमरेभोवती घातला. "घरी चल, पोरी."

तिने गाडी उजवीकडे घेतली. खालचा रस्ता सोपा होता, तरी तिने सगळी वाट गाडी हळूच चालवली. दोन वर्षांत ती चारदा घरी आली होती. चारही वेळा त्याने तिला काळ्या चष्म्याआडून हसून निरोप दिला होता, आणि तिने एकदाही तो चष्मा काढायला सांगितला नव्हता. बुनतेमने वाटेत दोन विनोद करून पाहिले. कुणी हसेना, तेव्हा त्यानेही नाद सोडला.

दुपारी घर आलं. सुदा जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. तिने दोन गाड्या पाहिल्या, प्लास्टर पाहिलं, लेकीचा सोललेला कोपर पाहिला. खाली मात्र आली नाही.

इन्ता उतरला. फिकुन त्याला धरायला पुढे झाली, तर सुदाने वरूनच हाताने तिला थांबवलं. तो दोन पावलं चालला आणि जिन्यासमोर उभा राहिला. रोज तो इथे खोकायचा, काहीतरी शोधल्यासारखं करायचा, आणि पायाने हळूच चाचपून लाकूड सापडलं की मग ऐटीत चढायचा. सुदाला ते सगळं माहीत होतं.

आज तो खोकला नाही. चांगला हात त्याने समोर धरला.

"सुदा," तो सगळ्यांदेखत म्हणाला, "पायरी कुठे आहे गं?"

सुदा खाली उतरली.