नळीतून मारलेली हाक

"नळीतून बघताना कुणाला नाव घेऊन हाक मारायची नाही, पोरी. कोण कोण ऐकतं, सांगता येत नाही," पहिल्याच दिवशी आमच्या मुकादम मिसेस स्टॅनिफोर्थ म्हणाल्या.

मी हसले. "मी फिजिक्स शिकलेय हो."

"मग काय, तोफा घाबरतील तुला."

शेफील्डच्या त्या कारखान्यात आम्ही रणगाडाभेदी तोफांच्या नळ्या तपासायचो. जुन्या दोन-पौंडी तोफेचे गोळे जर्मन रणगाड्यांवरून वाटाण्यांसारखे उडायचे. मोठ्या सहा-पौंडी तोफेचा आराखडा कधीचा तयार होता. पण डंकर्कच्या माघारीत इतक्या तोफा गमावल्या की नवीन जुळवत बसायला सवड नव्हती, जुन्याच घडवत राहिलो. आता, बेचाळीसच्या जूनमध्ये, नुसती घाई. माझा नवरा विल्फ लिबियात सहा-पौंडीवर नेम धरायला होता. आमचा चौदा महिन्यांचा डेरेक कारखान्याच्या पाळणाघरात. दिवसातून चारदा मी त्याला खिडकीतून बघून यायचे.

त्या दुपारी चहानंतर माझ्या जोडीच्या नोराने नळीच्या मागच्या टोकाला दिवा धरला, मी पुढून डोळा लावला. पोलादात उजेडाची कडी, एकात एक, रोजच्यासारखी. मग उजेड पांढरा झाला. तापलेल्या धुळीचा वास आला.

पलीकडे विल्फ होता. उन्हाने सोललेला कान, दुर्बिणीला लावलेला डोळा. डावीकडे टेकाडाआडून एक रणगाडा वळत होता. विल्फचं तिकडे लक्ष नव्हतं.

"विल्फ! खाली वाक!"

उजेड पुन्हा पिवळा.

"माझं नाव नोरा आहे, बाई!" नोरा पलीकडून ओरडली.

मिसेस स्टॅनिफोर्थ हसल्या नाहीत.

नळीत दोष नव्हता. मी शिक्का मारला.

पाच आठवडे पत्र नाही. मग आलं. 'खोटं वाटेल, पण तुझा आवाज ऐकला आणि वाकलो. गोळा टोपी घेऊन गेला, डोकं राहिलं. टोपी तशीही घाणेरडीच होती.'

पाळणाघराच्या पायरीवर बसून मी हसत हसत रडले. नोराने तिच्या वाट्याची साखर माझ्या चहात ओतली.

पत्राच्या तळाशी आणखी होतं. 'उठणार तेवढ्यात डेरेक म्हणाला, बाबा, अजून नको. तेव्हाच दुसरा गोळा गेला. केवढा स्पष्ट बोलतो गं आता!'

डेरेक अजून एकही शब्द बोलत नाही.

पाळणाघरातल्या बाईंना मी त्या दुपारचं विचारलं.

"झोपला होता की." मग जरा थांबून, "एकदा पाळणा रिकामा वाटला मला. पुन्हा बघितलं तर होता. तुम्ही आधीच काळजी करता, म्हणून बोलले नाही."

तो ठणठणीत आहे. विल्फही. मला आता झोप लागते.

पण तुमच्या घरी कुणी तान्हं झोपलं असेल, तर हे खाली ठेवा आणि बघून या. लांबून नको. हात लावून बघा.