भिंतीवरचा थोरला

ही गोष्ट रचलेली नाही. माझी मामेबहीण स्वातावा हिच्या बाबतीत ती घडली. आणि स्वातावा रसायनशास्त्र शिकलेली, उगाच घाबरणाऱ्यांतली नाही.

दक्षिण मोराव्हियातलं आमचं छोटं गाव. संत मार्टिनचा सण. घरोघरी हंस भाजले जात होते, नवी वाइन उघडली होती. दिवस कलायला आला होता.

टेकडीवर गोल प्रार्थनाघर आहे. आत भिंतीवर जुन्या प्रेमिस्ल घराण्याचे राजे ओळीनं रंगवलेले. सगळ्यांच्या खांद्यावर राजेपणाचा झगा.

एकाच्या नाही.

तो थोरला, असं गावात सांगतात. कुळात वयानं मोठा असेल त्यानं गादीवर बसायचं, असा तेव्हा नेम. धाकट्यानं त्याचे डोळे काढले आणि स्वतः बसला. चित्रातले डोळेही कुणीतरी खरवडलेत.

ओळीच्या सुरुवातीला झाडाच्या सालीची पायताणं रंगवलीत. घराण्याचा मूळपुरुष नांगर धरणारा, त्याची. नवा राजा बसण्याआधी त्याला ती दाखवत. आमच्याकडे अजून या सणाला तसंच चालतं, फक्त गादीऐवजी वाइनच्या तळघराची किल्ली असते. घेणारा पायताणांसमोर उभा राहतो. थोरलं भावंड मोठ्यानं म्हणतं, "दिलं."

स्वातावाची थोरली बहीण बोहदाना. साखरेच्या आजारात तिची नजर गेली. वडिलांमागे किल्ली तिची झाली.

स्वातावाला ती हवी होती. ताईला दिसत नाही, ती काय करणार तळघराचं... असं ती स्वतःला समजावायची. पण मागायला तोंड उघडत नव्हतं.

प्रार्थनाघराच्या भिंतीची देखभाल स्वातावाकडेच. त्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "ताई, यंदा कुणालाच आत सोडणार नाही. भिंतीला ओल आलीय."

भिंत ठणठणीत कोरडी होती.

"तू म्हणतेस म्हणजे असणार बाई," बोहदाना म्हणाली. "लवकर ये. तंगडी ठेवते तुला. नाहीतर शेजारचा बोका आहे, आणि शेजारीही."

स्वातावानं खुंटीवरची किल्ली हळूच खिशात टाकली.

गावात तिनं सांगितलं, ताईनं हक्क सोडला. साक्षीला लुबोरकाका प्रार्थनाघरात आले.

"थोरली कुठंय?"

"घरी. तिच्या वतीनं मीच म्हणते, काका."

"तूच देणार, तूच घेणार? माझ्या बायकोनं ही युक्ती जेवणात केली असती तर मी उपाशी मेलो असतो!" काका हसले. "बरं, म्हण."

"दिलं."

आणि... कुणीतरी श्वास सोडला.

काका दाराशी होते. श्वास भिंतीकडून आला होता.

मग कोपऱ्यातलं ओल मोजणारं यंत्र वाजू लागलं. फार माणसं आत आली की त्यांच्या श्वासांच्या ओलीनं ते वाजतं. आत तर दोघंच होते.

आकडा चढत होता... चढतच होता. जणू प्रार्थनाघर माणसांनी खच्चून भरलंय.

तिनं छत पाहिलं. कोरडं. दार पाहिलं. बंद.

विजेरी भिंतीवर धरली.

थेंब जमले होते. सगळीकडे नाही. फक्त राजांच्या ओठांपाशी.

बिनझग्याचे ओठ कोरडे होते. त्याच्या खरवडलेल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काय गं पोरी," काका पुटपुटले, "भिंतीला ओल आलीय की."

ते सकाळचे तिचेच शब्द होते. तिच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

ती घरी आली. बोहदाना टेबलापाशी बसली होती.

"आलीस? सोबत कोण आहे?"

"कुणी नाही, ताई."

"मग दारात श्वास कोण घेतंय?"

स्वातावाला मागं वळवेना. तिनं किल्ली टेबलावर ठेवली. मान खाली घालून सगळं सांगितलं.

बोहदानानं टेबल चाचपून किल्लीवर बोटं टेकवली.

"वेडे," ती म्हणाली, "आज मी ती तुलाच देणार होते. सकाळी केस विंचरून, ठेवणीतला झगा घालून कशाला बसले होते मी?"

स्वातावानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. समोरच्या बाईला दिसत नव्हतं, तरीही.

किल्ली अजून तिथंच पडून आहे. तळघर बंद आहे.

"घे बाई एकदाची," बोहदाना म्हणते.

स्वातावा हात पुढे करते... आणि तिच्या मानेमागे कुणीतरी श्वास रोखून धरतं.