चादरीखालची सोनोग्राफी

ती चाऱ्याचा भारा डोक्यावर घेऊन गोठ्यात शिरली, तेव्हा एक अनोळखी तरुण तिच्या शेळीशी अदबीने बोलत होता.

"जरा सरळ उभ्या राहता का? आभारी आहे."

नेहमीच्या डॉक्टरांची कंबर धरली होती, म्हणून हा आला होता. उंच, गळ्यात सोनोग्राफीचं छोटं यंत्र, शाळेतल्या वॉटरबॅगसारखं अडकवलेलं. दोन्ही हात जेलने माखलेले, त्यामुळे नमस्कार मान हलवूनच उरकला.

"शेळीला अहो-जाहो करता?"

"पहिल्या भेटीत करतो. त्यांनी परवानगी दिली, की मग अगं-तुगं."

ठमीने कान हलवले. अजून दिलेली दिसत नव्हती.

गेल्या खेपेला ठमीची दोन्ही करडं मेलेली निघाली होती. यंदाही काही झालं नाही, तर शेळ्या विकायच्या आणि शहरात आत्याकडे राहून नोकरी बघायची, असा शब्द तिने बाबांना दिला होता. शब्द देताना ठमीचं पोट चांगलं वाढलेलं होतं, त्यामुळे तो सहज देता आला. आत्याने तर खोलीचे पडदेही बदलून ठेवले होते.

गोठ्यात ऊन भसाभस येत होतं. यंत्राच्या पडद्यावर त्या दोघांचे चेहरे सोडून काही दिसेना.

"चादर आहे का एखादी? डोक्यावरून घ्यावी लागेल."

चादर आली. एका चादरीखाली दोन डोकी आणि एक यंत्र. आत उबदार अंधार, जेलचा वास, आणि अगदी कानाशी त्याचा आवाज. तिला उगीचच वाटलं, आपण आज केस विंचरले असते तर… पण चारा कापायला केस विंचरून कोण जातं?

"हे काळं दिसतंय ना," तो म्हणाला, "ते पाणी."

"आणि करडू?"

तो हळूच म्हणाला, "नाही. खोटं गाभणपण आहे हे. गर्भाशयात नुसतं पाणी भरतं, पोट वाढतं… आणि घरचे वाट बघत बसतात."

चादर बाजूला झाली. इंजेक्शन द्यायचं, पाणी निघून जाईल, पुढे बोकडाकडून पुन्हा भरवता येईल, असं त्याने समजावलं. ती "द्या" म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

दारातून बाबा म्हणाले, "मग आत्याला कळवू?"

तिने मान हलवली. कशी हलवली, ते बाबांनाही कळलं नाही.

त्याने इंजेक्शन भरलं. तेवढ्यात ठमीने मागचे पाय फाकवले आणि त्याच्या बुटांवर शांतपणे, भरपूर लघवी केली.

तो बुटांकडे बघत राहिला. मग त्याने सुई मागे घेतली.

"थांबा."

"मी कुठे हलतेय?"

"मूत्राशय भरलेलं असलं तर तेही असंच काळं दिसतं. आधी लघवी होऊ द्यायची असते. कॉलेजात पहिल्यांदा हेच शिकवतात."

"त्या दिवशी तुम्ही गैरहजर होता?"

"त्या दिवशी हजर होतो," तो म्हणाला. "आज नव्हतो."

पुन्हा चादर. काळा डाग आता आक्रसला होता आणि त्याच्यामागे मण्यांच्या माळेसारखा एक पाठीचा कणा होता. मधोमध काहीतरी लुकलुकत होतं.

"हे…?"

"हृदय." त्याने यंत्र जरा सरकवलं. "आणि हे दुसरं. दोन्ही छान चाललीत."

तिने ठमीच्या पाठीवर कपाळ टेकलं. "इंजेक्शन दिलं असतं तर?"

"दोन्ही गेली असती."

हे त्याने गोड करून सांगितलं नाही. तिला ते आवडलं, आणि आवडल्याचा थोडा रागही आला.

"काय चाललंय तिथे एवढा वेळ?" बाबांचा आवाज.

"दोन आहेत, बाबा!"

"दोघं आहात ते दिसतंय मला."

"करडं!"

बाबा म्हणाले, "आत्याला सांगतो, खोली दुसऱ्या कुणाला दे म्हणून," आणि चपला वाजवत गेले. अंगणात ते चक्क गुणगुणत होते. हा प्रकार घरात दुर्मीळ होता.

चादर खाली आली. त्याने सुईला टोपण लावून इंजेक्शन पेटीत ठेवलं आणि पेटी बंद आहे ना, हे पुन्हा पाहिलं.

"एवढी चूक झाली कशी?" तिने विचारलं.

"पडद्याकडे बघायला हवं होतं."

"मग कुठे बघत होता?"

"त्या पडद्याचा उजेड…" तो जेलचं फडकं नको तेवढं घासत राहिला. "तुमच्या चेहऱ्यावर पडत होता."

"याची तक्रार होऊ शकते."

"करा. दवाखान्यात तक्रारी मीच लिहून घेतो."

ती हसली नाही. चाऱ्याचा भारा सोडायला वळली, म्हणजे हसली ते त्याला दिसलं नाही.

"पुढच्या तपासणीला नेहमीचे डॉक्टर येतील ना?"

"त्यांनी अजून आराम करावा, असं माझं स्पष्ट मत आहे." त्याने ठमीची पाठ थोपटली. "येतो गं, ठमे."

"परवानगी मिळाली वाटतं?"

"बुटांवर मिळाली."

तो फाटकाकडे निघाला. पावलागणिक बूट पचपचत होते.

"ऐक," ती मागून म्हणाली. "पुढच्या वेळी येशील ना, तेव्हा आधी पडद्याकडे बघ. मग हवं तिकडे बघ."

तो मोटारसायकलवर बसला, किल्ली फिरवली… आणि 'येशील' तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं. त्याने किल्ली परत फिरवून गाडी बंद केली.