दोन शेड जास्त पांढरा

पहिल्याच भेटीत मी त्याच्यावर खेकसले होते, हे आधीच सांगून टाकते. तो माझा उजेड अडवून उभा होता.

मी दात बनवते. दवाखान्यात डॉक्टरबाई पेशंटचं तोंड बघतात आणि मागच्या खोलीत बसून मी त्यांना हवा तो दात घडवते. कधी पूर्ण कॅप, कधी व्हिनिअर म्हणजे दातावर चिकटवायचा नखाएवढा पातळ पापुद्रा. रंग जुळवण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, असा त्या दिवसापर्यंत माझा समज होता. खोलीत नुसता ट्यूबलाइट, म्हणून शेवटची पारख करायला मी जिन्यातल्या खिडकीपाशी जाते. त्या सकाळी तिथे एक उंच माणूस रंगांच्या पट्ट्यांचा जुडगा घेऊन उभा होता.

"जरा सरकता का? उजेड हवाय मला."

"मलाही उजेडच हवाय," तो म्हणाला, पण सरकला मात्र लगेच.

त्याचं रंगाचं दुकान होतं. दवाखान्याच्या भिंतीचे पोपडे निघाले होते, तेवढाच तुकडा रंगवायचा म्हणून तो जुना रंग जुळवायला आला होता. मी चिमट्यातला दात शेडच्या पट्टीला, म्हणजे वेगवेगळ्या रंगछटांचे नमुन्याचे दात लावलेल्या पट्टीला, लावून बघत होते, तर हा माझ्या खांद्यावरून डोकावला.

"पिवळा बरोबर आहे... पण करडा थोडा कमी पडतोय."

मी पुन्हा पाहिलं. खरंच कमी पडत होता. मला राग आला... रागाबरोबर आणखीही काहीतरी आलं, पण तेव्हा मी त्या सगळ्याला रागच म्हटलं. भिंतींना कुणाशी बोलायचं नसतं, हसायचं नसतं, त्यामुळे तुमचं काम सोपं, असं मी त्याला सुनावलं. त्यावर तो हसला, आणि हसता हसता त्याचा हात पटकन तोंडावर गेला.

तेवढ्यात मला जे दिसायचं ते दिसलं. समोरचा एक दात नकली होता. काम सुरेख, पण रंग विशीतला, आणि शेजारचे सगळे दात चाळिशीचे.

किती वर्षं झाली या दाताला, मी विचारलं. तो कानापर्यंत लाल झाला. वीस वर्षं झाली होती. सायकलवरून पडला होता. तेव्हा कॅप अशी बेमालूम जुळली होती की आईलासुद्धा ओळखता आली नव्हती. हल्ली मात्र तो दात खराब झालाय बहुतेक, तो म्हणाला.

"त्याला काही झालेलं नाही," मी म्हणाले. "झालंय ते तुम्हाला."

मग समजावून सांगितलं. वय वाढतं तसा दाताचा वरचा चकचकीत थर झिजतो, आतला पिवळसर थर डोकावायला लागतो. चहा-कॉफी आपला रंग चढवत असते, कडा बोथट होतात. नकली दाताला यातलं काहीच होत नाही.

"म्हणजे सगळ्या तोंडात तो एकटाच तरुण राहिलाय."

"म्हणून तर खोटा वाटतो."

तो माझ्याकडे बघत राहिला. खिडकीतून ऊन येत होतं. दोघांचंही काम तसंच पडलं होतं आणि खाली कुणीतरी डॉक्टरबाईंना हाका मारत होतं.

पुढच्याच आठवड्यात तो पेशंट म्हणून हजर. डॉक्टरबाईंनी त्याला सगळं नीट सांगितलं. कॅपवर ब्लीचिंगचा काही परिणाम होत नाही. तेव्हा एक तर बाकीचे दात ब्लीच करून तिच्याइतके पांढरे करायचे, किंवा पुढच्या दातांना व्हिनिअर लावायचे, नाहीतर कॅपच बदलून आताच्या वयाला शोभेल अशी बसवायची. तो माझ्या खोलीच्या दाराशी येऊन घुटमळला. त्याच्या ताईला सगळे दात पांढरेशुभ्र हवे होते. तिने त्याच्यासाठी एक बाई बघून ठेवली होती, पंधरा दिवसांनी रविवारी ती ताईच्या घरी येणार होती, आणि तोवर याच्या चेहऱ्यावरची दहा वर्षं उतरायलाच हवीत असा ताईचा हुकूम होता.

ओळख आठ दिवसांची, आणि जीव मात्र असा टांगणीला लागलेला. मी पेशंटला सल्ला देत नसते, म्हणून पुढ्यातला साचा उगाच पुसत बसले.

"मी कॅप बदलतोय," तो म्हणाला. "ताईला नंतर सांगेन."

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी. शेड आधी घ्यायची, तोंड उघडल्या उघडल्या. दात उघडे राहिले की वाळतात, आणि वाळले की आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात. हे मी नव्या मुलींना दम देऊन शिकवते.

त्याला खुर्चीत बसवलं आणि ओठ बाजूला धरणारी प्लास्टिकची पकड लावली. आता त्याला फक्त बघता येत होतं, आणि तो बघत होता. मला कशाने तरी अवघडल्यासारखं झालं, म्हणून मी बोलायला लागले. आधी हवापाण्याचं. मग मी छत्तीस वर्षांची आहे, डबा एकटीच खाते, समोरच्या फळीवर शंभर जबड्यांचे साचे मांडलेत आणि त्यातलं एकही तोंड माझ्याशी बोलत नाही, असलं सगळं. लोक वय पुसायला येतात, मी पुसूनही देते, पण मला स्वतःला झिजलेले दात आवडतात, कारण माणूस किती जगलाय ते तिथे दिसतं. कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, ते सगळं मी त्या मुक्या झालेल्या माणसाला सांगत सुटले.

"...आणि तुम्ही हसताना हात का आडवा धरता हो? मला बघायचं असतं."

माझंच बोलणं माझ्या कानावर पडलं आणि मी जीभ चावली. घड्याळात बघितलं तर आठ मिनिटं झाली होती. घाईघाईने पट्टी धरली, शेड टिपली आणि मागच्या खोलीत पळाले.

पाच दिवसांनी डॉक्टरबाईंनी नवा दात नुसता लावून बघितला. मी दाराशीच थिजले. दात दोन शेड जास्त पांढरा होता. माझ्या अकरा वर्षांच्या कामात अशी चूक पहिल्यांदा.

त्याने आरसा घेतला. बराच वेळ बघितलं.

"जुळला," तो म्हणाला.

तो, ज्याला माझ्या खांद्यावरून डोकावून रतीभर कमी पडलेला करडा दिसला होता.

डॉक्टरबाईंना मात्र दात किंचित पांढरा वाटत होता. पण हरकत नाही, त्या म्हणाल्या, ब्लीचिंग करून बाकीचे दात याला जुळवून घेऊ, तुमच्या ताईंनाही तेच हवंय ना? त्याने माझ्याकडे एकदा बघितलं आणि चालेल म्हणून मान हलवली.

मी फक्त तोंड मिटून उभं राहायचं होतं. माझी चूक कुणाला कळलीही नसती. आणि तो रविवारी दहा वर्षांनी तरुण दिसत त्या बाईसमोर बसला असता.

"नाही," मी म्हणाले. "दात चुकलाय. मी शेड उशिरा घेतली, दात वाळल्यावर."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "तू? उशिरा? ते कसं काय?"

"बोलत बसले."

"यांच्याशी? अगं, यांना बोलता कुठे येत होतं?"

"म्हणूनच तर बोलले."

डॉक्टरबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. मग त्यांना एकदम कुठलासा महत्त्वाचा फोन करायचा असल्याचं आठवलं, आणि जाताना त्यांनी दारही ओढून घेतलं.

"मला दिसलं होतं," तो हळूच म्हणाला.

"मग जुळला कशाला म्हणालात?"

"तुम्हाला बोलणी बसली असती."

"त्यासाठी सगळे दात पांढरे करून घेणार होतात?"

"हो." तो खाली बघून पट्टीवरचे दात मोजल्यासारखं करत होता. "त्या दिवशी तुम्ही एवढं बोललात... मला उत्तर द्यायचं होतं. पकड काढली, तर तुम्ही गायब. मला भिंतीबद्दल विचारा, तासभर बोलेन. हे कसं बोलायचं ते मला..."

अशा वेळी मला फक्त कामच सुचतं. मी म्हटलं, आधी तोंड उघडा. पकड लावली आणि पट्टी धरली. तेवढ्यात बाजूच्या ट्रेमध्ये त्याचा फोन वाजायला लागला. मी ढुंकूनही बघितलं नाही. या वेळी पहिल्या मिनिटात शेड टिपली, दोनदा ताडून बघितली. फोन वाजून बंद झाला आणि पुन्हा वाजू लागला. स्क्रीनवर ‘ताई’ लिहिलेलं होतं.

त्याने फोनकडे बोट केलं, मग स्वतःच्या तोंडाकडे, मग माझ्याकडे. मी फोन उचलला.

भाऊ इथेच आहे, पण त्याला आत्ता बोलता येत नाही, आणि मी त्याचा दात बनवणारी, असं मी सांगितलं. ताईंना आनंद झाला. अगदी पांढरेशुभ्र करा हो, रविवारी घरी पाहुणी यायची आहे, त्या म्हणाल्या.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याने जोरजोरात मान हलवली, नाही, नाही. मग बोट उचललं आणि माझ्यावर रोखलं. आणि ते तिथून हलवलं नाही.

"ताई, मी पांढरे करत नाहीये," मी म्हणाले. "त्यांच्या वयाला शोभतील असेच ठेवतेय."

"अहो, पण ती बघेल तेव्हा काय म्हणेल?"

"तिने बघितलेत." माझा आवाज जरा चिरकला. "पहिल्या दिवसापासून बघतेय ती. तिला आवडलेत."

ताईंनी फोन ठेवला की काय, म्हणून मी स्क्रीन बघितली. ठेवला नव्हता.

"मग त्या दुसरीला मी आजच नको म्हणून कळवते," ताई म्हणाल्या, आणि थोडं थांबून, "तू रविवारी चारला ये गं. उशीर करू नकोस."

तो खुर्चीत आ वासून बसला होता, दात पार वाळून चालले होते आणि डोळे मात्र भरून आले होते.

"येते," मी म्हणाले.