काकासाहेबांची निळी पेन्सिल

"बाई, तुमचा पदर मशीनमध्ये चाललाय बघा!"

भानुमतीनं दचकून पदर ओढला, पण तोवर सायक्लोस्टाइलच्या शाईनं त्याला काळी किनार लावलीच होती. दारात उन्हानं रापलेला एक उंच तरुण उभा होता. हातात कागदांची गुंडाळी. हसू दाबायचा प्रयत्न चालला होता आणि ते काही दबत नव्हतं.

"आधी ओरडायला काय झालं होतं?" ती फणकारली.

"आधी तुमच्याकडं बघत होतो... पदराकडं मागून लक्ष गेलं."

औरंगाबादला गुलमंडीवरच्या त्या टायपिंगच्या दुकानात असलं कुणी कधी बोललं नव्हतं. भानुमतीला राग यायला हवा होता. तो आला नाही, आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

त्याचं नाव बद्रीनाथ. घर लासूर स्टेशनला, घरची शेती; नोकरी मात्र आरमाराला तेल, पाणी आणि रेशन पुरवणाऱ्या जहाजावर. असल्या मदतीच्या जहाजांवरून निवृत्त झालेले तेवीस जण औरंगाबाद जिल्ह्यात होते आणि त्यांनी चक्क एक संघ काढला होता. अजून नोकरीत असलेले दोघं-तिघंही त्यात होते. संघाचं दरमहा वार्तापत्र निघे. कुणाला नातू झाला, कुणाचं पेन्शन अडकलं, कोण कुठल्या जहाजावर गेलं, असल्या बातम्या. स्टेन्सिल कापून ते छापायचं काम भानुमतीकडं. सचिव काकासाहेबांचा गुडघा धरला म्हणून त्या महिन्याचे कागद सुटीवर आलेल्या बद्रीनाथनं आणले, एवढाच योग.

"खाम नदीत म्हैस डुंबायची पंचाईत, आणि गावात जहाजवाल्यांचा संघ!"

"म्हणून तर लागतो. मुंबईत जहाजाचं कुणीबी ऐकून घेतं. इथं ऐकणारी माणसं जमवावी लागत्यात."

मग तो रोज येऊ लागला. कधी एक काना राहिला म्हणून, कधी एक नाव चुकलं म्हणून. एकदा रुमालात बांधून गरम हुरडा आणला आणि म्हणाला, काकासाहेबांनी पाठवलाय. काकासाहेबांच्या तोंडात दात नव्हते.

"दर्यासारंग, एवढ्याशा वार्तापत्रात चुका तरी किती असतात हो?"

"तुम्ही टाइप करता म्हणून शोधतो. नायतर वाचतंय कोण!"

सुटी संपायच्या आदल्या दिवशी मात्र तो थट्टेत बोलला नाही. मशीनशी उभा राहून कोऱ्या कागदाची कडा दुमडत राहिला.

"तुम्ही देशपांड्यांच्या... आम्ही कुणबी. तुमच्या घरी काय होईल, ते मला समजतंय. म्हणून आज उत्तर नको. वर्षभर विचार करा."

"पत्र मात्र घरी पाठवू नका. घरातलं प्रत्येक पत्र अण्णा फोडतात."

"वार्तापत्राला बातमीचं कार्ड धाडतो, त्यातच कळवीन की... कुठल्या दिवशी, कुठल्या गाडीनं येतोय ते. तुम्ही स्टेशनावर आलात, तर तिथून सरळ अण्णांच्या पाया पडाया येतो. नाय आलात, तर तसाच माघारी फिरीन. पुन्यांदा दुकानाच्या दारात उभा राहून तुमचं नाव खराब करणार नाय. शब्द आहे माझा."

"आणि मला उशीर झाला तर?"

"पुढची गाडी येईस्तोवर थांबीन."

तो गेला. भानुमतीनं उत्तराचा विचार वर्षभर केला नाही. तो दिवेलागणीपर्यंतच संपला होता.

महिन्याच्या महिन्याला त्याचं कार्ड येऊ लागलं, काकासाहेबांच्या नावे. बातमी साधीच असे. 'जहाजावर सगळं मिळतं, हुरडा तेवढा मिळत नाही. मिळाला तरी वाटून खायला माणूस नाही.' भानुमती ते टाइप करताना दोनदा वाचायची. त्यावर काकासाहेबांची निळी पेन्सिल फिरलेली असायचीच. एकाहत्तरच्या लढाईत काकासाहेब जहाजावरची पत्रं तपासायच्या कामावर होते. जहाज कुठं आहे, कुठं जाणार, कधी पोचणार, यातलं अक्षर बाहेर जाऊ द्यायचं नाही, हा तिथला कायदा. लढाई संपून आठ वर्षं झाली, काकासाहेबांची काही संपली नाही. वार्तापत्रात छापून यायचं, 'श्री. बद्रीनाथ हे रोजी येथून निघून येथे सुखरूप पोचले.' सभासदांनाही त्यात काही वावगं वाटत नसे. पण पेन्सिलीची रेघ पातळ असायची. तिच्याखालचं बंदर, तारीख, सगळं भानुमतीला दिसायचं.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते हसण्यावारी न्यायचं असतं. भानुमतीनंही तसंच नेलं होतं.

पुढच्या फेब्रुवारीत जालन्याहून पाहुणे आले. मुलगा बँकेत, माणसं बरी. अण्णांनी बजावलं, पाडव्यापर्यंत उत्तर दे. त्याच दिवशी दुकानात संघातल्या सांडू फिटरचा आठ पानी लेख पुढ्यात पडला, खोडून खोडून निळा झालेला. भानुमतीचं डोकं आधीच तापलेलं. ती काकासाहेबांना म्हणाली, "या खाडाखोडीनं माझे डोळे गेले. इथून पुढं स्वच्छ लिहून देत चला."

"जी," काकासाहेब म्हणाले. जहाजावरच्या माणसाला हुकूम एकदाच सांगावा लागतो.

मार्चचे कागद आले ते सगळे काकासाहेबांच्या मोत्यासारख्या अक्षरात. तिनं उलटेपालटे करून पाहिले. बद्रीनाथचं नाव कुठंच नव्हतं.

"सगळ्यांची कार्डं... आली का हो?" तिनं हळूच विचारलं.

"छापायजोगं होतं तेवढं सगळं दिलंय."

याहून जास्त कसं विचारणार? मार्च सरत आला. दुकानाच्या पायरीवर पाऊल वाजलं की ती मान वर करायची, आणि फॉर्म भरून घ्यायला आलेलं कुणीतरी असायचं. विसरला असेल. जहाजावरच्या माणसाला बंदरोबंदरी माणसं भेटतात; हुरडा खायला मिळाला असेल त्याला कुणाबरोबर. रोज ती त्याला मनात दोष द्यायची आणि रोज तिलाच रडू यायचं. तरी पाडव्याला तिनं जालन्याचं स्थळ नाकारलं. कारण विचारलं तर कारण नव्हतं. अण्णांनी तिच्याशी बोलणं टाकलं. ताटावर बसले की आईला म्हणायचे, "तिला सांग, मीठ वाढ."

नऊ एप्रिलला ती पुढच्या अंकाचे कागद आणायला काकासाहेबांच्या घरी गेली. ते आत चष्मा शोधत होते. टेबलावर दोऱ्यानं बांधलेला कार्डांचा गठ्ठा होता. वरून तिसऱ्या कार्डावरचं अक्षर तिच्या ओळखीचं.

'बद्रीनाथ गुरुवार, बावीस मार्च, सकाळच्या मनमाड गाडीनं औरंगाबाद स्टेशनावर उतरणार. टाइप करणाऱ्या बाईंनी नोंद घ्यावी.'

काकासाहेब बाहेर आले तेव्हा ते कार्ड तिच्या हातात होतं.

"ते व्हय?" काकासाहेब म्हणाले. "त्यात तारीख, गाडी अन् स्टेशन सोडून होतंच काय? समदं खोडलं. मग स्वच्छ काय लिवू?" आणि तिच्या चेहऱ्याकडं बघून ते थांबले. "पोरी... माझं काही चुकलं का?"

"नाही, काकासाहेब. तुम्ही मी सांगितलं तसंच केलंत."

दुसऱ्या दिवशी घरी दुकानाचं काम सांगून ती लासूरला गेली. बद्रीनाथ मोंढ्यात गव्हाची पोती उतरवून घेत होता. तिला पाहून त्यानं डोक्याचा टॉवेल काढला आणि हातात धरून तसाच उभा राहिला. लोक बघायला लागले तेव्हा दोघं चालत स्टेशनावरच्या बाकाशी आले. तिनं कार्ड पुढं केलं.

"हे मला काल मिळालं."

"काल?"

तिनं सगळं सांगितलं. सांडू फिटरच्या लेखावर तो हसला... आणि मग त्याला हसवेना.

"दोन गाड्या थांबलो मी. म्हणलं पहिली चुकली असंल. आमचं लासूर वाटंतच लागतं की. आई फाटकापाशी उभी दिसली, तरी उतरलो नाय. आधी तुमच्याकडं आलो."

"मग दुकानावर का नाही आलात? टांग्यानं पाव तास लागतो!"

"शब्द दिलता."

"आग लागो तुमच्या शब्दाला!"

तो रुळांकडं बघत राहिला. "आणखी एक देऊन बसलोय... परवा. सिल्लोडला साखरपुडा झाला. साळू नाव. तिचं एक लग्न मोडलंय, मांडव पडल्यावर. तिच्या बापानं माझा हात धरला, तवा रडत होता."

भानुमतीला काही ऐकू येईना. पलीकडं गाडीची घंटा झाली तेवढी ऐकू आली.

"जालन्याचं स्थळ आलं होतं मला. पाडव्याला नाही म्हणाले."

"कार्ड नसताना?"

"कार्ड नसताना."

त्यानं तोंड फिरवलं. तसाच म्हणाला, "तुम्ही म्हणा, भानुमती. आत्ता सिल्लोडला जातो. पाया पडतो, शिव्या खातो, मार खातो... तुम्ही फक्त म्हणा."

आजवर त्यानं तिचं नाव घेतलं नव्हतं. हेच म्हणायला तर ती आली होती. मोड म्हणायला, आत्ता चल म्हणायला. गाडीत तिनं वाक्यंसुद्धा जुळवली होती. पण पायरीवर पाऊल वाजलं की मान वर करणं काय असतं, ते तिला आता ठाऊक होतं. सिल्लोडची पोर परवापासून तशीच मान वर करत असेल.

"नका मोडू," ती म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिला वाटलं, जीभ तुटून का पडली नाही.

मनमाडकडून गाडी आली. बायकांच्या डब्यात बाकावर धूळ होती. त्यानं ती टॉवेलनं झटकली आणि खाली उतरून खिडकीशी उभा राहिला.

"उत्तर तर द्या. वर्षभर थांबलोय त्याच्यासाठी."

"हो होतं," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंत त्याच संध्याकाळपासून... हो होतं."

गाडी हलली. तो खिडकीबरोबर चार पावलं चालला, मग थांबला. हात वर केला नाही.

समोर गाठोडं घेऊन एक म्हातारी बसली होती. भानुमतीकडं निरखून बघत तिनं विचारलं, "मालक व्हते का सोडाया आलते?"

भानुमतीनं पदरानं डोळे पुसले.

"हो."

"मग रडती कशापायी? येतील की आठ दिसांत न्यायला. लई जीव दिसतोय तुझ्यावर."

"हो," भानुमती म्हणाली. "फार आहे."

म्हातारी वाटेत पोटूळ स्टेशनला उतरली. तोवर भानुमती बद्रीनाथची बायको होती.